पैसे थोडे आहेत, डिझायनर चांगली हवी

ताई,
गेली तीन वर्षं मी घरी साबण बनवते. आधी ओळखीच्यांनाच देत होते. आता दोन दुकानदार ठेवायला तयार आहेत, पण दोघांनीही सांगितलं, "आधी वेष्टन नीट करा." एका मैत्रिणीने पूर्वी प्रेमाने लोगो करून दिला होता, पैसे घेतले नव्हते. मोबाइलवर तो छान दिसतो, पण छापायला नेला तर मुद्रक म्हणाला की ही फाइल चालणार नाही, कडा फाटतात. मग एका फ्रीलान्स डिझायनरला विचारलं. लोगो, सहा साबणांची लेबलं, भेटीची खोकी, माहितीपत्रक, व्हिजिटिंग कार्ड आणि महिनाभराच्या सोशल मीडियाच्या पोस्ट. तिने सांगितलेला आकडा माझ्या जमवलेल्या पैशांच्या तिप्पट आहे. मावसभाऊ म्हणतो, मी अ‍ॅपवर करून देतो, कशाला पैसे घालवतेस? मी तिच्याशी घासाघीस करू, आणखी स्वस्त कुणी शोधू, की भावालाच देऊ? आणि पैसे देऊनही पुन्हा न छापता येणारं काहीतरी हातात आलं तर? एवढी रक्कम पुन्हा जमवायला मला वर्ष लागेल.
एक साबणवाली

घासाघीस करू नका. कात्री लावायची ती तुमच्या यादीला लावा, तिच्या दराला नको.

असं का म्हणते ते सांगते. डिझायनरकडे विकायला माल नसतो, तास असतात. तुमचं ऐकून घ्यायचं, दुकानाच्या फळीवर शेजारी काय असणार ते पाहायचं, कागदावर कच्ची रेखाटनं करायची, त्यातली दोन-तीन पक्की करायची, तुमच्या दुरुस्त्या करायच्या, छपाईच्या फाइली तयार करायच्या आणि शेवटी मुद्रकाशी बोलायचं, हे सगळं त्या आकड्यात असतं. तुम्ही आकडा खाली आणायला लावलात तर ती तास कमी करणार, दुसरं तिच्या हातात काही नाही. कमी होतात ते नेहमी सुरुवातीचे तास. विचाराचे. कारण ते तुम्हाला दिसत नाहीत. मग तयार चित्रांच्या साठ्यातलं एखादं पान उचललं जातं, त्याखाली तुमचं नाव टाकलं जातं, आणि तेच पान आणखी कुणाच्या तेलाच्या बाटलीवरही असतं. दर तसाच ठेवून काम कमी केलंत तर त्या थोड्या कामाला तिचं पूर्ण डोकं मिळेल.

आता यादी घ्या. दुकानदारांनी तुमच्याकडे काय मागितलं? वेष्टन. माहितीपत्रक मागितलं नाही, व्हिजिटिंग कार्ड मागितलं नाही. ती दोन्ही आज काढून टाका. भेटीची खोकी कोरी घ्या आणि त्यावर शिक्का मारा. लोगो एका रंगात चांगला दिसत असेल तर त्याचा रबरी शिक्का करून घेता येतो, आणि तो खोक्यावर, कागदी पिशवीवर, पावतीवर सगळीकडे चालतो. (म्हणूनच डिझायनरला पहिल्याच भेटीत सांगा, "लोगो काळ्या एका रंगातही उभा राहिला पाहिजे." रंग काढले की जो लोगो ओळखू येत नाही, तो तुमच्या उपयोगाचा नाही.) सोशल मीडियाच्या पोस्टचं पुढे बोलू.

उरली दोन कामं. तुमच्या नावाची नीट अक्षररचना, जी तुमचा लोगोही असेल, आणि लेबल. लेबलं नव्हे, लेबल. तुमचे सर्वांत जास्त पैसे इथे वाचणार आहेत, म्हणून जरा थांबते.

तुम्ही तिला "सहा लेबलं" म्हणालात, तिने सहाचा हिशेब केला. तिची चूक नाही. पण तुम्हाला हवी आहे एक चौकट. तिच्यात तुमचं नाव कुठे, वजन कुठे, घटक कुठे, पत्ता कुठे हे कायमचं ठरलेलं असेल. साबणागणिक बदलेल ते फक्त साबणाचं नाव, घटकांची यादी आणि रंगाचा एक पट्टा. चौकट एकदा चांगली बसली की बाकीची पाच लेबलं म्हणजे मजकूर बदलण्याचं काम, काही तासांचं. उद्या सातवा साबण आला तर नव्याने डिझाइन करावं लागत नाही. फळीवरही सहा साबण एका घरातले दिसतात, सहा वेगवेगळ्या लोकांनी आणून ठेवल्यासारखे दिसत नाहीत. एक बारकावा मात्र सांभाळा. पहिलं लेबल करायला द्याल ते सर्वांत लांब नावाच्या आणि सर्वांत लांब घटकयादीच्या साबणाचं द्या. ते बसलं की बाकीची बसतात. लोक नेमकं उलट करतात, सगळ्यात देखण्या आणि छोट्या नावावर चौकट पसंत करतात, आणि चौथ्या लेबलाला अक्षरं मुंगीएवढी होतात.

छपाईतही हाच विचार लावा. ऑफसेट छपाईत, म्हणजे प्लेट बनवून मोठ्या मशीनवर होते तिच्यात, प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च प्रती शंभर काढा की पाच हजार काढा, तेवढाच असतो, म्हणून थोड्या प्रती महाग पडतात. डिजिटल छपाईत, म्हणजे फाइलवरून थेट होते तिच्यात, तो खर्च जवळजवळ नसतो, म्हणून सहा प्रकारांच्या थोड्याथोड्या प्रती तिथे परवडतात. तिसरी वाटही आहे. सगळ्या साबणांना एकच वेष्टन छापायचं आणि साबणाचं नाव व घटक असलेलं छोटं स्टिकर वर लावायचं. यातलं काय करणार हे डिझाइन सुरू होण्यापूर्वी ठरायला हवं, कारण त्यावर चौकटच बदलते. म्हणून डिझायनरच्या आधी मुद्रकाला भेटा. त्याच्याकडून कागदाचे तुकडे मागून आणा आणि ते तुमच्या साबणाभोवती आठ-दहा दिवस गुंडाळून ठेवा. साबणातलं तेल आणि सुगंधी द्रव्यं काही कागदांत उतरतात आणि डाग पडतात. हे दोन हजार वेष्टनं छापून झाल्यावर कळू नये.

तुम्हाला आता कुणीतरी नाइकीच्या लोगोची गोष्ट ऐकवेल, "तो तर ३५ डॉलरमध्ये झाला होता." गोष्ट खरी आहे, पण ती पूर्ण ऐका. तो लोगो करणारी कॅरोलिन डेव्हिडसन १९७१ साली अमेरिकेत पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीत शिकत होती. तासाला २ डॉलर असा तिचा दर ठरलेला होता. साडेसतरा तासांचे पैसे लावले, म्हणून ३५ डॉलर झाले. कुणी घासाघीस करून तो आकडा खाली आणलेला नव्हता. पुढची काही वर्षं कंपनीने तिच्याकडूनच जाहिराती आणि इतर कामं करून घेतली, आणि १९८३ मध्ये तिला कंपनीचे शेअर दिले. या गोष्टीतून उचलायचं ते हे: काम छोटं आणि नेमकं होतं, दर दोघांनाही माहीत होता, लावलेल्या तासांचे पैसे चुकते झाले, आणि पुढचं काम त्याच व्यक्तीकडे गेलं.

डिझायनरला पुन्हा फोन करण्याआधी एक संध्याकाळ बाजूला काढा आणि एक पान लिहा. ती मंडळी याला ब्रीफ म्हणतात. भाषा सुंदर असण्याची गरज नाही. साबण कोण घेतं ते लिहा, पण "सगळे" असं लिहू नका. खरोखर परत येऊन पुन्हा घेणाऱ्या दोघी-तिघी डोळ्यांसमोर आणा आणि त्या काय म्हणून घेतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा. साबण दुकानात आडवा असेल की उभा, टोपलीत की फळीवर, गिऱ्हाईक किती अंतरावरून पाहील, तेही लिहा. तुम्हाला आवडलेल्या तीन वेष्टनांचे फोटो लावा आणि न आवडलेल्या दोन वेष्टनांचे. प्रत्येकाखाली एक ओळ, का आवडलं किंवा का नाही. न आवडलेल्यांचा उपयोग जास्त होतो असा माझा अनुभव आहे. आवडीत आपण मोघम बोलतो, नावडीत नेमकं.

मग मजकूर. वेष्टनावरचा प्रत्येक शब्द आधी पक्का करा. साबणाची नावं, घटक, निव्वळ वजन, तुमचा पत्ता, वापरण्याची सूचना, सगळं. कायद्याने काय छापावंच लागतं हे जागोजागी वेगळं असतं. ते शोधून आणणं डिझायनरचं काम नाही, तुमचं आहे. बॅच क्रमांक आणि तारीख यांसाठी कोरी जागा ठेवायला सांगा, आणि त्या जागेवर चकाकी चढवू नका म्हणावं, नाहीतर शिक्क्याची शाई बसत नाही, पुसते. मांडणी झाल्यावर मजकुरात चार शब्द वाढले की पूर्ण चौकट हलते, आणि चौकट हलली की तास लागतात. कमी पैशांत काम करून घेणाऱ्या माणसाचे सर्वांत जास्त पैसे कशात जातात म्हणाल, तर "अरे, हे घालायचं राहिलं" या वाक्यात जातात.

आणि माप. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. थंड पद्धतीने केलेला साबण चार ते सहा आठवडे वाळतो, त्यातलं पाणी उडतं, वडी आक्रसते आणि वजनही उतरतं. माप घ्यायचं ते वाळलेल्या वडीचं, आणि एका नव्हे, आठ-दहा वड्यांचं, कारण हाताने कापलेल्या वड्या सारख्या नसतात. सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान अशी दोन्ही मापं कळवा. हे इतकं बजावून सांगते कारण मी स्वतः एकदा एका पुस्तकाच्या कामात कागद ठरण्याआधीच कण्याची जाडी अंदाजाने सांगितली होती. कागद बदलला, पुस्तक जाड झालं आणि कण्यावरचं नाव मुखपृष्ठावर सरकलं. डिझायनरने माझ्या मापाप्रमाणे बिनचूक काम केलं होतं. दुरुस्तीचे पैसे मी दिले, ते देणं माझंच होतं, पण त्या पैशांत आणखी एक पुस्तिका झाली असती.

"आणखी स्वस्त कुणी शोधू का?" असं विचारता. शोधा, पण स्वस्त शोधू नका, जवळचं काम केलेलं कुणीतरी शोधा. पोस्टर सुंदर करणाऱ्याला तळहाताएवढ्या लेबलात अकरा गोष्टी बसवता येतील असं नाही. पोर्टफोलिओ, म्हणजे आधीच्या कामांचे नमुने, पाहताना पडद्यावरची चित्रं पाहून हुरळू नका. तिथे बाटली, साबण, खोकं सगळं चकचकीत दिसतं, पण ते बरेचदा तयार फोटोवर चढवलेलं डिझाइन असतं, प्रत्यक्ष छापलेलं नसतं. विचारा, "यातलं छापून बाजारात गेलेलं काय आहे? त्याची प्रत पाहायला मिळेल?" आणि एखाद्या कामाबद्दल विचारा, "इथे अडचण काय होती?" चांगली डिझायनर या प्रश्नावर खुलते. जागा कमी होती, मालकांना दोन भाषा हव्या होत्या, छपाई दोनच रंगांत करायची होती, असं काहीतरी सांगू लागते. जिला फक्त "क्लायंटला असं हवं होतं" एवढंच सांगता येतं, तिच्याबद्दल मी जरा थांबून विचार करेन.

छोटे मुद्रक अशी नावं सुचवू शकतात. कुणाच्या फाइली छपाईला बिनतक्रार येतात हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही चांगला पर्याय आहेत, फक्त वेळ जास्त धरा आणि छपाईच्या फाइली मुद्रकाला आधी दाखवून घ्या. विद्यार्थी आहे म्हणून फुकट मागू नका.

फुकटावरून एक गोष्ट. "आधी एक नमुना करून दाखवा, आवडला तर काम देते," असं कुणालाही म्हणू नका, आणि बक्षीस लावून पाच जणांकडून लोगो मागवू नका. अमेरिकेत डिझायनरांची एआयजीए नावाची जुनी संस्था आहे, १९१४ सालची. अशा बिनपैशांच्या आगाऊ कामाविरुद्ध तिने उघड भूमिका घेतली आहे, आणि ती मला पटते. न्यायाचा मुद्दा तर आहेच, पण तुमच्या फायद्याचाही आहे. जिला पैसे मिळतील की नाही हे ठाऊक नाही, ती तुमचा साबण समजून घ्यायला तास घालणार नाही. पारखून घ्यायचं असेल तर एक छोटं काम द्या, पैसे देऊन. तुमच्या बाबतीत ते नावाची अक्षररचना असू शकतं. जमलं तर पुढे लेबल. नाही जमलं तर झाल्या कामाचे पैसे देऊन नमस्कार करायचा, आणि तरीही हातात एक पूर्ण झालेली वस्तू असेल.

पैशांचं बोलायला तुम्ही कचरता आहात हे पत्रावरून जाणवतं. कचरू नका. तुमच्याकडे किती आहेत ते सरळ सांगा. पुष्कळांना वाटतं, आकडा सांगितला की समोरची तेवढाच लावेल. जी लावेल ती तशीही लावणारच होती. नीट माणसाला आकडा कळला की ती सांगू शकते, "एवढ्यात लोगो आणि चौकट होईल, पाच लेबलं तुमच्या मुद्रकाकडे मजकूर बदलून करून घ्या." हा सल्ला आकडा लपवणाऱ्याला मिळत नाही. मात्र जमवलेली सगळी रक्कम डिझाइनला सांगू नका. छपाईचे वेगळे काढा, आणि एक भाग चुकांसाठी राखून ठेवा. पहिल्या वेष्टनात काहीतरी बदलावं लागतंच.

ठरलेलं लिहून घ्या. वकिली कागद लागत नाही, एक ईमेल पुरते. काय काय मिळणार, किती तारखेपर्यंत, किती पर्याय दाखवणार, किती वेळा दुरुस्त्या, पैसे कोणत्या टप्प्याला, शेवटी कोणत्या फाइली, आणि काम मध्येच थांबलं तर काय. पैशांचे तीन भाग करा: सुरुवातीला एक, आराखडा पसंत पडल्यावर एक, अंतिम फाइली घेताना एक. आगाऊ रक्कम मागितली म्हणून शंका घेऊ नका, ती रीतच आहे. पूर्ण रक्कम आधी मागितली तर मात्र नाही म्हणा. आणि जी लिहून द्यायलाच तयार नाही, किंवा दोन पर्यायांऐवजी उद्या सकाळी वीस पर्याय देते म्हणते, तिच्याकडे जाऊ नका.

दुरुस्त्यांचं नीट समजून घ्या, भांडणं इथेच होतात. "दोन वेळा दुरुस्ती" म्हणजे दोन निरोप नव्हेत, दोन फेऱ्या. एका फेरीत तुमचं सगळं म्हणणं एकत्र द्यायचं. रात्री अकराला "रंग जरा गडद", सकाळी "आई म्हणते फूल हवं", दुपारी "नको, राहू दे आधीचंच", अशा निरोपांत दोन्ही फेऱ्या संपतात आणि मनंही दुखावतात. आराखडा आला की दोन दिवस उत्तर देऊ नका. घरच्या प्रिंटरवर खऱ्या मापात छापा, कापा, वडीला गुंडाळा, दुकानाच्या फळीवर इतरांच्या शेजारी ठेवा आणि चार पावलं मागे या. लॅपटॉपवर लेबल खऱ्या आकाराच्या चौपट दिसतं, त्यावर मत बनवू नका. ज्यांना विचारायचं त्यांना याच दोन दिवसांत विचारा, पण ठरवणारी तुम्ही एकटी.

सांगताना उपाय सांगू नका, अडचण सांगा. "नाव लाल आणि ठळक करा" असं म्हणालात तर ती करून देईल, कदाचित वाईट दिसेल, आणि एक फेरी गेली. "चार पावलांवरून साबणाचं नाव वाचता येत नाही" असं म्हणालात तर ती मोकळी जागा वाढवेल, पट्टा फिका करेल, काहीतरी असं करेल जे तुम्हाला सुचलं नसतं. त्याच सुचण्याचे तर पैसे देता आहात. "अजून आकर्षक करा" या वाक्याचं ती काहीच करू शकत नाही.

आता फाइली, म्हणजे तुमचं मूळ दुखणं. मैत्रिणीने दिलेला लोगो जेपीजी असणार, म्हणजे ठिपक्यांनी बनलेला. छपाईला साधारण दर इंचाला ३०० ठिपके लागतात. सहा सेंटिमीटर रुंद छापायचं तर सुमारे ७०० ठिपके हवेत. मोबाइलसाठी केलेल्या लोगोत दोनशेच असतील तर ते ताणले जातात, आणि मुद्रक म्हणाला तशा कडा फाटतात. लोगो व्हेक्टर हवा. त्यात ठिपके नसतात, रेषांचं गणित असतं, म्हणून तोच लोगो शिक्क्यावरही स्वच्छ येतो आणि दुकानाच्या पाटीवरही. ईमेलमध्ये हे शब्द जसेच्या तसे लिहा: लोगोची व्हेक्टर फाइल एसव्हीजी आणि पीडीएफमध्ये, पडद्यावर वापरायला पार्श्वभूमी नसलेली पीएनजी, एकरंगी आवृत्ती, लेबलाची छपाईसाठीची पीडीएफ आणि लेबलाची ओपन फाइल. ओपन फाइल म्हणजे जिच्यात मजकूर बदलता येतो ती. काही डिझायनर तिचे वेगळे पैसे घेतात. तो त्यांचा हक्क आहे, म्हणून आधीच विचारा, शेवटच्या दिवशी नको.

छपाईची पीडीएफ सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या, रंगांत हवी, कारण पडद्याचे आरजीबी रंग, विशेषतः झगझगीत हिरवे आणि निळे, शाईत तसे येत नाहीत. कापायच्या रेषेबाहेर चहूबाजूंनी साधारण ३ मिलिमीटर रंग वाढवलेला असतो, त्याला ब्लीड म्हणतात. मुद्रकाला किती हवं ते विचारून कळवा. पहिली प्रत त्याच कागदावर, त्याच मशीनवर काढून पाहिल्याशिवाय पूर्ण छपाईला हो म्हणू नका.

नाव देवनागरीत असेल तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी लिहितो तसा, टाइप करून द्या, फोटो काढून नको. डिझाइनच्या काही सॉफ्टवेअरमध्ये योग्य सेटिंग नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते. डिझायनरला देवनागरी येत नसेल तर तिला ते दिसणारही नाही. अंतिम पीडीएफ मोठ्याने वाचा, एकेक अक्षर. फॉन्टही विचारा. "फुकट" म्हणून उतरवलेले बरेच फॉन्ट फक्त वैयक्तिक वापरासाठी असतात. ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळणारे फॉन्ट मात्र धंद्यातही वापरता येतात, आणि त्यांत देवनागरीचे चांगले फॉन्ट आहेत.

हक्कांचं एक वाक्य त्या ईमेलमध्ये असू द्या: पूर्ण पैसे मिळाल्यावर लोगो आणि लेबलाचे सगळे हक्क तुमच्याकडे, आणि तिला ते स्वतःच्या पोर्टफोलिओत दाखवायला मुभा. पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप आले असं बऱ्याच देशांच्या कायद्यात नसतं, लिहून घ्यावं लागतं.

मावसभावाचं. त्याला नाही म्हणू नका, त्याला पोस्टचं काम द्या. डिझायनरकडून तीन रंगांचे आकडे, दोन फॉन्टची नावं आणि लोगो भोवती किती जागा सोडायची एवढं एका पानावर मागून घ्या. ते पान हातात असलं की अ‍ॅपवर तो महिनाभराच्या पोस्ट चांगल्या करेल, आणि त्या तुमच्या वेष्टनाशी जुळतीलही. लोगो मात्र अ‍ॅपवरून नको. तिथलं तयार चिन्ह हजारोंना मिळतं, आणि अशा चिन्हावर स्वतःचा हक्क सांगणं अवघड जातं.

आणि ज्या मैत्रिणीने लोगो करून दिला, तिला एकदा विचारा, तिच्याकडे मूळ फाइल आहे का. व्हेक्टर असेल आणि तुम्हाला तो लोगो अजून आवडत असेल, तर तुमचं एक काम आधीच झालेलं आहे, आणि ते पैसे लेबलाकडे वळतील. नवीन करायचं ठरलं तर ते तिला तुमच्याकडून कळू द्या, दुकानाच्या फळीवरून नको.

तुम्ही ज्या डिझायनरशी बोललात तिच्याबद्दल तुम्ही वाईट काही सांगितलेलं नाही, आकडा सोडून. म्हणून आधी तिलाच असं लिहा:

"नमस्कार. तुमचा दर मला योग्य वाटतो, पण मी मागितलेली यादी माझ्या ऐपतीबाहेरची होती. आता मला फक्त नावाची अक्षररचना आणि लेबलाची एक चौकट हवी आहे, जी सहाही साबणांना चालेल. मजकूर पक्का आहे, वड्यांची मापं आणि मुद्रकाने दिलेल्या सूचना सोबत जोडते आहे. माझ्याकडे या कामासाठी इतकी रक्कम आहे. एवढ्यात यातलं काय चांगलं होऊ शकेल ते सांगाल? पूर्ण होत नसेल तर आधी अक्षररचना करू, आणि पहिली विक्री झाली की लेबल."